आबांचा नंबर

नमस्कार श्रोतेहो.

देशातलं पहिलं आधार दिलं गेलं ते आपल्या खान्देशात. 29 सप्टेंबर 2010, नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, गाव टेंभली. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः तिथे आले होते. आज रेशन, पीक विमा, गॅसचं अनुदान, फार्मर आयडी, काहीही घ्या, ते बारा आकडे विचारल्याशिवाय कोणी पुढे सरकत नाही. आधार कसं काढायचं हे मी सांगत बसणार नाही, ते घरातल्या शाळकरी पोरालाही येतं. मला बोलायचंय आधारला जोडलेल्या मोबाइल नंबराबद्दल. तो नंबर आज कोणाच्या खिशात आहे, एवढंच विचारायचंय.

यावल तालुक्यात माझ्या मामांचं गाव आहे. केळीचं आणि कपाशीचं. थंडी पडली की तिथे मळ्यात भरीत पार्टी ठरलेली. वांगी बामणोदकडची, भाजायची ती कपाशीच्या काड्यांवर आणि ठेचायची लाकडी बडगीत. हल्ली लोक गॅसवर वांगं भाजतात, मिक्सरमधून फिरवतात आणि त्याला खान्देशी भरीत म्हणतात. म्हणोत बापडे. मी ते ताटात घेत नाही.

तर अशाच एका पार्टीत, वांगी काड्यांवर पडलेली, आणि एकदम चार-पाच जणांचे मोबाइल वाजले. गावातल्या शेतकऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. त्यावर मेसेज आला होता, आणि पाठवणाऱ्याचं नाव दिसत होतं : आबा.

आता आबा जाऊन दोन वर्षं झालेली. तेराव्याला याच मंडळींनी पंगत वाढली होती.

कोणी बोलेना. मेसेज हिंदीत होता : ‘भाई, मुझे इस ग्रुप में क्यों जोड़ा है?’ एक म्हातारे गृहस्थ भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाले, “आबाले हिंदी कवा आलं रे?” तरुण पोरं हसायला लागली, पण आबांचा धाकटा मुलगा तिथेच होता, तो हसला नाही. त्याने सरळ त्या नंबरावर फोन लावला. बापाच्या नंबरावर. फोन उचलला भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यातल्या एका पोराने.

झालं होतं ते असं. आबा गेल्यावर त्यांच्या सिमला रिचार्ज कोण मारणार? सिम बंद पडलं. बंद पडलेला नंबर कंपनी किमान 90 दिवस कोणाला देत नाही, पण नंतर तो नव्या गिऱ्हाइकाला देता येतो. तसा तो भिवंडीला गेला. इकडे ग्रुप चालवणाऱ्याने पीक विम्याच्या कागदांसाठी नवा ग्रुप काढला आणि फोनमधल्या नावांवर धडाधड टिक करत सुटला. गेलेल्या माणसाचा नंबर कोणी फोनमधून पुसत नाही, हात होत नाही. तसे आबाही ग्रुपवर आले.

आणि त्या ग्रुपवर होतं काय? दीडेकशे शेतकऱ्यांची आधार कार्डं, पुढून-मागून. पासबुकाचं पहिलं पान. सातबारा. कोणीतरी म्हणालं, ‘फोटो टाका, मी भरून देतो’, आणि सगळ्यांनी टाकले.

भिवंडीचा पोरगा भला निघाला. म्हणाला, ‘काका, मला बँकेचे मेसेज पण येतात, खताच्या दुकानाचे पण येतात, मी काही केलं नाही.’ आबांचं खातं तसंच पडून होतं. वारसांनी बँकेत कळवलंच नव्हतं, आणि खात्याला नंबर तोच. म्हणजे त्या खात्याचा ओटीपी भिवंडीला जाणार. ग्रुपवरचे फोटो मग पुसले, पण ज्यांच्या फोनच्या गॅलरीत ते आधीच उतरले होते, त्यांचं काय करणार? भरीत त्या दिवशी जरा जास्तच भाजलं गेलं.

आता मुद्दा. आधार नंबर म्हणजे तुमचं नाव, आणि ओटीपी म्हणजे तुमची सही. नाव गावाला माहीत असतंच. सही मात्र मोबाइलवर येते. म्हणून नंबर बदलला की आधार केंद्रावर जाऊन नवा नंबर नोंदवायचा आणि बँकेतही कळवायचा. पुन्हा सांगतो : आधारवर आणि बँकेत, दोन्हीकडे. पोराच्या किंवा जावयाच्या नंबरावर आधार जोडलेलं असेल तर तुमची सही त्याच्याकडे आहे, एवढं लक्षात असू द्या. घरातलं माणूस गेलं तर सिम बंद पडायच्या आधी बँकेत कळवा. दुःखात हे सुचत नाही, हे मान्य. पण कोणा एकाने तेवढं अंगावर घ्यावं.

आधारची प्रत द्यावीच लागली तर मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. यूआयडीएआय, म्हणजे आधार देणारी सरकारी संस्था, तिच्या वेबसाइटवर ते फुकट मिळतं. नंबरच सांगायचा असेल तर आधार नंबराच्या जागी देण्यासाठी सोळा आकड्यांचा व्हर्च्युअल आयडी काढता येतो, 2018 पासून ती सोय आहे, आणि तो हवा तेव्हा बदलता येतो. बोटांचे ठसे म्हणजे बायोमेट्रिक तर लॉकच करून ठेवा. रेशनच्या दिवशी उघडायचं, काम झालं की परत बंद.

आणि लग्नाच्या हॉलवाल्याला आपल्या आधारची झेरॉक्स कशाला लागते, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. तिथे मी ड्रायव्हिंग लायसन्स दाखवतो आणि परत खिशात घालतो. द्यायचीच वेळ आली तर झेरॉक्सवर आडवं लिहा, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला. हॉलवाला तोंड वाकडं करतो. करू द्या.

फसवणुकीत खात्यातले पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आधारबद्दल काही विचारायचं असेल तर 1947. पुन्हा सांगतो : पैशासाठी 1930, आधारसाठी 1947. आजच्यापुरतं एवढंच. नमस्कार.