टीमच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचं?

(वसंत व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. काल याच हॉलमध्ये मधुमेहावर व्याख्यान झालं, तेव्हा दारातही उभं राहायला जागा नव्हती म्हणे. आज फुटबॉल आहे, आणि तरी पुढच्या तीन रांगा भरल्यात. त्यातली एक आमच्या घरच्यांची आहे, ते सोडा. पत्रिकेवर विषय छापलाय, 'मुंबईचं फुटबॉल : काल, आज आणि उद्या'. सचिवांनी बजावलंय, पाऊण तास, वर एक मिनिट मिळणार नाही. म्हणजे तिघांना पंधरा-पंधरा मिनिटं. बघू कसं जमतं. 'काल'ला जरा जास्त लागतील.

आधीच सांगून टाकतो, मी ज्या टीमचा आहे ती टीम आता अस्तित्वात नाही. महिंद्रा युनायटेड. नाव ऐकलेल्यांनी हात वर करा बघू. चार. त्यातल्या दोघांनी गाडीच्या नावावरून हात वर केलाय, मला दिसतंय.

मग ओळख करून द्यायलाच हवी. 1962 मध्ये कंपनीची टीम म्हणून सुरुवात झाली, 'युनायटेड' हे बिरूद 2000 मध्ये लागलं. इंग्रजी पेपरवाले त्यांना 'जीपमेन' म्हणायचे. ड्युरँड कप तीनदा जिंकला, 1998, 2001 आणि 2008 ला. फेडरेशन कप 2003 ला आणि परत 2005 ला. आणि ज्यासाठी मी आज इथे उभा आहे तो 2005-06 चा मोसम. राष्ट्रीय लीग! तोवर मुंबईच्या एकाही टीमला ती जिंकता आली नव्हती. डेरिक परेरा प्रशिक्षक. आघाडीला घानाचा याकुबू आणि ब्राझीलचा बरेटो. उजवीकडून स्टीवन डायस असा सुटायचा की समोरचा बचावपटू वळेपर्यंत चेंडू गोलसमोर पोचलेला असायचा. खालिद जमील त्याच टीममधला. पुढे 2017 मध्ये त्याने मिझोरामच्या ऐजॉलला आय-लीग, म्हणजे त्याच राष्ट्रीय लीगचा नवा अवतार, जिंकून दिली आणि 2025 मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला. आता तुमच्या माना हलल्या. खालिद म्हटल्यावर हलल्या, महिंद्रा म्हटल्यावर नाही, हे मी लक्षात ठेवलंय.

मी या टीमच्या नादाला लागलो तो शेजाऱ्यांमुळे. ते महिंद्राच्या कांदिवलीच्या कारखान्यात होते आणि मॅचचे पास घेऊन यायचे. त्यांना स्वतःला फुटबॉलमध्ये काडीचा रस नव्हता. पास फुकट जाऊ नये, एवढीच त्यांची कळकळ. आमचे वडील मात्र जुने शौकीन, रोव्हर्स कपच्या काळातले. 1891 मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा कूपरेजवर व्हायची. हैदराबाद सिटी पोलिसांनी ती 1950 ते 54 अशी सलग पाच वर्षं नेली, हे वडील घरचं माणूस पाच वर्षं पहिलं आल्यासारखं सांगायचे. नेव्हिल डिसूझाला तर त्यांनी मुंबईत खेळताना पाहिलेलं. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल मारणारा हाच तो नेव्हिल. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू आपल्या मुंबईत खेळून गेला, आणि त्याच्या नावाचा चौक कुठे आहे असं विचारलं तर मी गप्प बसतो. असो. हे निराळं व्याख्यान होईल.

तर कूपरेज. चर्चगेटला उतरायचं आणि ओव्हल मैदान ओलांडायचं. ओव्हलवर एकावेळी इतक्या क्रिकेटच्या मॅच चाललेल्या असतात की कुणाचा फिल्डर कुणाच्या पिचवर उभा आहे ते अंपायरलाही कळत नाही. त्यातून वाट काढत, 'ओ काका, बाजूला!' ऐकत, डोक्यात बॉल बसणार नाही याची काळजी घेत फुटबॉल बघायला जायचं. मुंबईत फुटबॉलवाल्याने आपली जागा ओळखून राहावं म्हणून ही वाट अशी आखली असावी, असा मला संशय आहे. मॅच कामाच्या दिवशी, भर दुपारी. आमच्या हेडक्लार्कना क्रिकेटसाठी रजा मागितलेली चालायची, वर ते स्कोअरही विचारायचे. फुटबॉलसाठी मागितली की म्हणायचे, 'अहो, या वयात?' मी खेळायला चाललोय असं त्यांना निवृत्तीपर्यंत वाटत होतं.

आता तो किस्सा. आमच्या घरची रांग उठू नये, तुम्ही पुष्कळदा ऐकलाय हे मला माहीत आहे.

बरेटो आमच्याकडे होता तेव्हाची गोष्ट. कोलकात्याहून मोहन बागान आलेलं. मी कूपरेजच्या गेटमधून आत शिरतो तर गॅलरीत सगळीकडे हिरवा-मरून रंग. आमच्या घरच्या मैदानावर आम्ही मूठभर, कोपऱ्यात. एवढे बंगाली आले कुठून? आले झवेरी बाजारातून. काळबादेवीच्या माळ्यामाळ्यांवर सोन्याचं काम करणारे कारागीर, त्यांनी त्या दिवशी कामं आटोपती घेतली होती. रोज बारा-चौदा तास मान खाली घालून दिव्यावर फुंकणी मारणारी ती माणसं. त्या दिवशी मान वर होती, आणि आवाज असा की बाहेरच्या बँडस्टँडवरची कबुतरं उडावीत.

आणि गंमत पुढेच आहे. बरेटो म्हणजे मोहन बागानचं दैवत. तिकडे त्याला 'सोबुज तोता' म्हणायचे, हिरवा पोपट. तो नेमका त्या दिवशी आमच्या लाल शर्टात. त्याच्या पायाशी चेंडू आला की ही सगळी गॅलरी आधी टाळ्या वाजवायची, मग एकदम आठवण झाल्यासारखी शिव्या द्यायची. माझ्या शेजारी एक साठीचे कारागीर बसलेले, बोटांची टोकं काळपट, नखांत पॉलिश. बरेटोने एकाला चकवलं तसे ते उभे राहून ओरडले, मग खाली बसले आणि मला हिंदीत म्हणाले, 'हा आमचाच मुलगा आहे, तुमच्याकडे नोकरीला आलाय.' मी म्हटलं, 'आमच्याकडे सगळेच नोकरीला येतात.' कंपनीची टीम ना! हे मी विनोद म्हणून बोललो होतो.

हाफटाइमला त्यांनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली आणि विचारलं, 'तुमच्या क्लबचं मेंबर व्हायला किती पडतात?' मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी खिशातून पाकीट काढलं. आत प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, कडा झिजलेलं एक कार्ड. वडिलांचं मोहन बागानचं सभासद कार्ड. वडील गेले तरी हे ते मुंबईत खिशात बाळगून होते. म्हणाले, 'क्लबात निवडणूक असते, बाबा मत द्यायला जायचे. तुम्ही कुणाला मत देता?' मी काय सांगणार? मी शेजाऱ्यांच्या पासवर आलो होतो.

मॅचचा निकाल विचारू नका, तो पेपरात मिळेल. मी लोकल पकडून घरी येईपर्यंत त्या कार्डाचाच विचार करत होतो.

कारागिराच्या प्रश्नाचं उत्तर मला 2010 मध्ये मिळालं. 2009-10 चा मोसम संपला आणि टीम बंद झाली. यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर लक्ष द्यायचं, असं कंपनीने जाहीरपणे सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. पैसा त्यांचा, निर्णय त्यांचा, आणि शाळेतल्या मुलांसाठी काही करणं वाईट थोडंच आहे? माझं दुखणं निराळं आहे. दोनच वर्षांपूर्वी ड्युरँड जिंकलेली टीम बंद झाली आणि या शहरात कुणाला ब्रसुद्धा काढता आला नाही. कारण काढणार कोण? आम्ही कोण होतो? फुकट्या पासवाले. पिढ्यानपिढ्या कसत आलेलं रान दुसऱ्याच्या नावावर निघावं, तसं झालं. सातबाऱ्यावर आमचं नाव कधी नव्हतंच.

आणि ही एकट्या महिंद्राची कथा नाही. मुंबईचं फुटबॉल असंच उभं राहिलं. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, रेल्वे, बँका, एअर इंडिया. पोरगा चांगला खेळतो, त्याला चिकटवून घ्या. सकाळी सराव, दुपारी टेबलावर फाइल, महिन्याला पगार, म्हातारपणी पेन्शन. या व्यवस्थेने कित्येक चाळींतली घरं तारली, तिला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण भरती थांबली की टीम थांबली. एअर इंडियाचं बघा. 2011 मध्ये गोव्याच्या डेंपोने त्यांना 14-0 ने हरवलं. चौदा! त्यातले सहा एकट्या रँटी मार्टिन्सचे. आणि 2013 मध्ये परवान्याच्या नियमांवर बोट ठेवून एअर इंडिया आणि ओएनजीसी या दोन्ही टीमना आय-लीगमधून वगळण्यात आलं. मधल्या काळात मुंबई एफसी नावाची टीम आली, 2007 ला निघाली, 2017 ला खालच्या पायरीवर घसरली आणि मिटली. तिच्यासाठी रडलेला माणूस मला अजून भेटायचाय.

चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' सचिव, अहो, मी अजून 'काल'मध्येच आहे! बरं, बरं. पळतो आता.

'आज' म्हणजे मुंबई सिटी. 2014 पासूनची टीम. आमचा पुतण्या तिचा कट्टर आहे आणि मला 'काका, तुमचा इतिहास पुरे' म्हणतो. सरळ सांगतो, मुंबई सिटी जे फुटबॉल खेळली तसं महिंद्रा कधी खेळली नाही. प्रशिक्षक लोबेराच्या टीमचे चेंडूचे पास बघताना मला वडिलांची आठवण यायची, त्यांना हे आवडलं असतं. 2022 मध्ये त्यांनी आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या टीमला 2-1 ने हरवलं. त्या स्पर्धेत सामना जिंकणारी ती पहिली भारतीय टीम. मान्य, शंभर टक्के मान्य. पण 2019 मध्ये मँचेस्टर सिटीवाल्यांच्या समूहाने 65 टक्के हिस्सा घेतला, तेव्हा मुंबईकराला कुणी विचारलं का? आणि बघा, इंडियन सुपर लीगचं 2021 चं पहिलं विजेतेपद गोव्यात, कोविडमुळे रिकाम्या फातोर्ड्यावर. 2024 चं कोलकात्यात, 3-1 ने. दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर कोण? तेच, ज्यांचं कार्ड मी पाहिलं होतं ते.

त्यांचंच उदाहरण घेऊन 'उद्या' उरकतो. मोहन बागान 1889 चा क्लब. 1998 मध्ये मद्याची कंपनी आली आणि टीमच्या नावापुढे 'मॅकडॉवेल' लागलं. कंपनी गेली, क्लब राहिला. 2020 मध्ये नवी कंपनी आली, फुटबॉल टीमचा 80 टक्के हिस्सा तिचा, आणि तिच्या आधीच्या 'एटीके' टीमचं नाव जोडून झालं 'एटीके मोहन बागान'. आता सातबाऱ्यावर बहुतेक जमीन कंपनीचीच ना? तरी लोकांनी तीन वर्षं डोकं खाल्लं, फलक धरले, रस्त्यावर आले. शेवटी 2023 मध्ये 'एटीके' हा शब्द नावातून गेला. म्हणजे नुसत्या मालकीचा प्रश्न नाही हा. तिथे कंपनीच्या आधीपासून उभी असलेली सभासदांची संस्था होती, म्हणून ओरडायला जागा होती.

कोलकात्यालाच कशाला जायचं, कोल्हापूरला चला. तिथे पेठांतल्या तालमी-मंडळांच्याच टीम : पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल, दिलबहार. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ म्हटल्यावर शाहू स्टेडियम भरतं. यातली एखादी टीम बंद करायची म्हटली तर तालीमच बंद करावी लागेल, आणि ते सांगायला पेठेत जाण्याची कुणाची हिंमत आहे? तिथे सगळं छान आहे असं नाही. मारामाऱ्या होतात, पुढाऱ्यांचा पैसा असतो, आणि अनिकेत जाधवसारखा पोरगा 2017 चा 17 वर्षांखालचा विश्वचषक खेळतो तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जाऊन, तालमीतून थेट नाही. पेठ टीम जगवते, वर नेत नाही. कंपनी वर नेते, जगवत नाही. मला दोन्ही हवंय.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. मुंबईत जी टीम खेळेल तिने सभासद करून घ्यावेत, वर्षाला शे-दोनशे रुपये घेऊन. मालकी नको, नफा नको. फक्त तीन गोष्टी सभासदांच्या मताशिवाय बदलू नयेत : नाव, रंग आणि मैदान. आणि टीम बंद करायची असेल तर वर्षभर आधी सभासदांना लेखी कळवावं, म्हणजे दुसरा कुणी उभा करायला वेळ मिळेल. जर्मनीत तर याच्या पुढचा नियम आहे, क्लबची निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडेच लागतात, त्यावर खूप बोलायचं होतं पण

हो, हो, थांबतो. पुतण्याने अर्जाचा मसुदा छापून आणलाय, बाहेर चहाच्या टेबलावर ठेवलाय. मघाशी ज्या चौघांनी हात वर केला त्यांनी सही केल्याशिवाय चहा घ्यायचा नाही. आणि ज्यांनी गाडीसाठी केला, त्यांनीही.