दगडाच्या भिंती, गवताच्या टोपल्या: बुज बिमचे ईल पकडणारे

हे समोर जे काळंकुट्ट दगडांचं रान दिसतंय ना, ते बघून कुणालाही वाटेल की इथे काय असणार, नुसता कातळ, झुडपं आणि मध्ये मध्ये पाणथळ जागा. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याचा हा नैर्ऋत्य कोपरा, मेलबर्नहून पश्चिमेला गाडीने जवळपास चार तास. आता कॅमेरा जरा खाली घेऊ. हे दगड नीट बघा. एका ओळीत आहेत. ओळ पुढे जाऊन वळते, मग तिला दुसरी ओळ येऊन मिळते, आणि दोन ओळींच्या मध्ये एक चर आहे. हे आपोआप झालेलं नाही, कुणीतरी एकेक दगड उचलून इथे ठेवलाय.

ठेवणारे म्हणजे गुंडिचमारा लोक. इथले मूळ रहिवासी. आणि ठेवले कशासाठी, तर ईल, म्हणजे सापासारखा लांबट मासा, पकडण्यासाठी. खायला.

थोडी भूगोलाची पार्श्वभूमी सांगतो, फार नाही. साधारण 37,000 वर्षांपूर्वी इथे एक ज्वालामुखी फुटला, त्याचं नाव बुज बिम. लाव्हा वाहत वाहत पार समुद्राकडे गेला, पन्नासेक किलोमीटर, आणि वाटेतले ओढे-नाले सगळे अडवून टाकले. त्यामुळे तळी झाली, दलदली झाल्या, उंचसखल खडकाळ जमीन झाली जिच्यातून पाणी कुठूनही कुठेही झिरपतं. दगड बसाल्टचा, म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद, फक्त वयाने कितीतरी लहान. गुंडिचमारा लोक म्हणतात हा डोंगर म्हणजे त्यांच्या एका पूर्वजाचं डोकं आहे, आणि तो लाव्हा म्हणजे त्याचे दात.

आता मासा. इथल्या ईलला ते कूयांग म्हणतात. आपल्या कोकणातल्या नद्यांमध्ये अहिर सापडतो ना, त्याच कुळातला हा. उजनीला वगैरे जी वाम मिळते ती दिसायला तशीच लांबुळकी, पण ती वेगळी, तिचा या खानदानाशी संबंध नाही. अहिर आणि कूयांग यांची खासियत अशी की हे जगतात गोड्या पाण्यात आणि जन्मतात खोल समुद्रात. कूयांगची पिल्लं ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडच्या कोरल समुद्राच्या बाजूला जन्मतात, प्रवाहाबरोबर दक्षिणेला वाहत येतात, किनाऱ्याला लागेपर्यंत काचेसारखी आरपार दिसणारी झालेली असतात, मग नदीत शिरतात, ओढ्यांनी वर चढतात, रात्री गवत ओलं असेल तर जमिनीवरूनसुद्धा सरपटत या तळ्यातून त्या तळ्यात जातात, कारण कातडीतून थोडाफार श्वास घेता येतो. आणि मग तिथेच दहा-वीस वर्षं खात-पीत मोठे होतात. मीटरभर लांब, अंगाने जाडजूड, चरबीने भरलेले.

आणि एके दिवशी, म्हणजे तिकडचा शरद ऋतू लागला की, आपल्याकडे उन्हाचा कडाका सुरू होतो त्या सुमाराला, पाऊस पडून पाणी वाढलं की हा मासा खाणं बंद करतो आणि खाली समुद्राकडे निघतो. परत न येण्यासाठी. शास्त्रज्ञांनी याच भागातल्या ईलना टॅग लावून सोडलं तेव्हा त्यातले काही अडीच हजार किलोमीटरपेक्षा लांब, कोरल समुद्रापर्यंत पोचलेले दिसले, दिवसा खोलात आणि रात्री वर येत येत. काहींना वाटेतच शार्कने खाल्लं.

हे सगळं सांगायचं कारण असं की सापळा इथेच सुरू होतो. ईलला आमिष दाखवून बोलवायची गरजच नाही. तो वर्षातून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दिशेने, स्वतःहून येणार आहे. तुम्हाला फक्त तो कुठून जाईल हे ठरवायचंय, आणि तो पाण्याच्या मागे जातो, म्हणजे पाणी कुठून जाईल हे ठरवलं की झालं. शेतात दारं धरणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. इथलं वाकुरं भरलं, दगड सरकवला, पाणी पुढच्या सरीत.

टे राक नावाचं तळं आहे इथे, नकाशावर त्याला लेक कॉन्डा म्हणतात. त्याच्या काठाला मल्डून्स ट्रॅप म्हणून ओळखली जाणारी जागा आहे, ती आपण जरा निवांत बघू कारण सगळी गंमत तिथेच आहे. तळ्याचं पाणी हिवाळ्यात चढतं आणि नंतर उतरतं. पाणी चढलं की काठच्या खडकाळ भागात शिरतं, त्याच्याबरोबर मासेही शिरतात. या लोकांनी काय केलं, तर लाव्हाच्या खडकात चर काढले, कुठे नैसर्गिक खाच होती ती साफ करून खोल केली, कुठे दगड उचकटून नवीनच वाट केली, आणि दोन्ही बाजूंना दगड रचून भिंती घातल्या. काही चर शेकडो मीटर लांब आहेत. कुठे चर पाणी आत आणतो, कुठे बाहेर काढतो. मध्ये आडवे बांध. आणि खरी हुशारी अशी की हे सगळं एका उंचीवर नाहीये, एक सापळा पाणी भरपूर असताना चालतो, दुसरा जरा ओसरल्यावर, तिसरा अजून खाली गेल्यावर, म्हणजे पाऊस कमी होवो की जास्त, काही ना काही हाताला लागणारच. कुणी एका दिवसात विचार करून हे केलेलं नाही हे उघड आहे, कितीतरी पिढ्यांनी पाण्याची पातळी बघून बघून एकेक दगड इकडचा तिकडे केला असणार.

बांधाला मुद्दाम एक फट ठेवायची. त्या फटीत टोपली. पाण्याला जायला तेवढीच वाट, म्हणून ईललाही तेवढीच.

आता टोपलीकडे बघा. पूनयार्ट नावाचं लव्हाळ्यासारखं गवत इथल्या पाणथळीत उगवतं, त्याची पाती वळून, गुंडाळत गुंडाळत, प्रत्येक वेटोळं आधीच्या वेटोळ्यात अडकवत ही टोपली विणतात. लांबच लांब, तोंडाशी रुंद, शेपटीकडे निमुळती. ओली झाली की गवत फुगून विण घट्ट होते. आपल्याकडच्या बांबूच्या माशांच्या सापळ्यात काय असतं, आतल्या बाजूला वळवलेल्या काड्या, मासा आत जातो पण मागे फिरला की काड्या टोचतात. इथे बऱ्याचदा तसलं काही नाहीच. निमुळतं टोक उघडं. मग मासा अडकतो कसा? तर टोकाशी माणूस बसलेला असतो.

याचं वर्णन 1841 सालचं आहे. जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन नावाचा एक इंग्रज अधिकारी, मूळ रहिवाशांचा 'संरक्षक' असं त्याचं पद होतं, संरक्षण किती झालं ते पुढे येईलच, तर तो या भागातून फिरला आणि रोज डायरी लिहीत गेला. त्याने लिहिलंय की माणूस बांधाच्या मागे उभा राहतो, टोपलीचं बारीक टोक हातात धरतो, ईलचं डोकं बाहेर दिसलं की त्याला डोक्यावर चावतो आणि काठीत ओवतो. चावतो म्हणजे दाताने. ज्याने कधी जिवंत ईल हातात धरलाय त्याला यातला शहाणपणा पटेल, कारण हा मासा हातातून निसटतो म्हणजे निसटतोच, अंगावर नुसता बुळबुळीत थर, दोन हातांनी धरलं तरी पिळवटून सुटतो, आणि एक हात टोपलीत गुंतलेला असताना दुसरं काय करणार! 

पण सगळे ईल एका दमात मारायचे नाहीत, हा यातला दुसरा भाग आहे, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. बांध घालून जी डबकी आणि खाचरं केली होती त्यात लहान ईल राहायचे, वाढायचे. म्हणजे पकडणं आणि पाळणं यांच्यातली रेघ इथे पुसट होते. लागेल तेव्हा लागेल तेवढे काढा.

आणि उरलेल्याचं काय? शरदात एकदम इतके ईल येणार, ते वर्षभर कसे पुरवायचे? तर धुरी. इथे मॅना गम नावाची मोठी झाडं आहेत, त्यातली काही आतून पोकळ. त्या पोकळीत खाली विस्तव, वर ईल टांगलेले. हेदर बिल्थ या पुरातत्त्व अभ्यासक बाईंनी अशा पोकळ जुन्या झाडांच्या बुंध्यातली माती तपासली आणि त्यात ईलच्या चरबीचे अंश सापडले. झाड म्हणजे स्मोकहाऊस. धुरी दिलेला मासा टिकतो, लांब नेता येतो, देवाणघेवाणीत चालतो. सापळ्यांच्या आसपास दगडी घरांचे अर्धगोल पाये पण आहेत, वर फांद्या आणि मातीचं छप्पर असायचं. अन्न एका जागी मिळतंय म्हटल्यावर माणूस उगाच कशाला भटकेल?

पण गोऱ्यांनी पुस्तकात लिहिलं ते बरोबर उलटं. हे लोक भटके, यांना शेती माहीत नाही, घर माहीत नाही, जमीन कुणाचीच नाही, सबब आमची. गंमत म्हणजे त्याच रॉबिन्सनने त्याच दौऱ्यात, शेजारच्या टोळीच्या मुलखात माउंट विल्यमपाशी, एकरच्या एकर पसरलेले ईलचे चर पाहिले आणि लिहून ठेवलं की आधी हे सुधारलेल्या माणसांचं काम वाटलं, जवळ जाऊन पाहिलं तर मूळ रहिवाशांचं निघालं. कागदावर होतं हे. वाचायचं कुणी?

पुढे जे व्हायचं तेच झालं. गोऱ्यांच्या मेंढ्या आल्या, पाणवठे गेले, गुंडिचमारा लोक लढले, या दगडांच्या रानात घोडे चालत नाहीत म्हणून बरीच वर्षं लढू शकले, मग हरले. 1867 मध्ये तळ्याजवळ ख्रिस्ती मिशन काढून त्यांना तिथे ठेवलं. तळ्याचंच पाणी मग चर खणून काढून टाकलं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी थोडं आणि 1950 च्या दशकात उरलंसुरलं, गुरं चारायला जमीन हवी म्हणून. याच मिशनमधले लव्हेट घराण्यातले पाच भाऊ पहिल्या महायुद्धात लढून आले, पण सैनिकांना जमिनी वाटताना त्यातल्या हर्बर्ट लव्हेटचा अर्ज नामंजूर झाला. मिशनच्या जमिनी मिळाल्या त्या गोऱ्या सैनिकांना.

टोपली विणणं पण जवळजवळ गेलंच होतं. कॉनी हार्ट म्हणून गुंडिचमारा बाई होत्या, 1917 चा जन्म, त्यांची आई त्यांना विणकाम शिकवायची नाही, आता गोऱ्यांच्या पद्धतीने जगायचंय म्हणून. मुलगी चोरून बघायची. बघून जेवढं डोक्यात राहिलं त्यावर त्यांनी आई गेल्यानंतर, उतारवयात, पहिली टोपली विणली आणि मग ईलची लांब टोपलीसुद्धा, आणि इतर बायकांना शिकवलं.

दगडांबद्दल मात्र वाद चालूच होता. 1970 च्या दशकात पुरातत्त्व अभ्यासक पीटर कूट्स यांनी या चरांचं मोजमाप केलं, तेव्हापासून शंका काढणारेही होते की हे नैसर्गिक असेल, लाव्हा थंड होताना अशा ओळी पडत असतील, घरांचे पाये म्हणजे झाडं उन्मळून पडल्याचे ढीग असतील. दगडाचं वय काढून काही उपयोग नाही, दगड तर ज्वालामुखीच्या वयाचा येणार. मग पुरातत्त्व अभ्यासक इयन मॅकनिव्हन यांच्या टीमने गुंडिचमारा लोकांबरोबर मल्डून्स ट्रॅपच्या चरात खणलं आणि तळाला साचलेल्या गाळातल्या कोळशाच्या कणांचं वय काढलं, चर खणल्यानंतरच त्यात गाळ बसणार हे साधं गणित. उत्तर आलं साधारण 6,600 वर्षं. मोहेंजोदडो वसायच्या जवळपास दोन हजार वर्षं आधी. आणि भिंतींचा काही भाग गेल्या सात-आठशे वर्षांतलाच निघाला, म्हणजे हजारो वर्षं ही दुरुस्ती, वाढवावाढवी चालूच होती.

2007 मध्ये कोर्टाने गुंडिचमारा लोकांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला. 2010 मध्ये नवा बांध घालून टे राकमध्ये पुन्हा पाणी अडवलं, आणि पाणी चढलं तसे जुने चर परत भरायला लागले, तेव्हा कुठला चर कशासाठी होता हे नुसत्या नकाशापेक्षा जास्त स्पष्ट दिसलं. जुलै 2019 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नाव आलं, ऑस्ट्रेलियात निव्वळ मूळ रहिवाशांच्या संस्कृतीसाठी यादीत गेलेली ही पहिली जागा. आणि लगेच काही महिन्यांत वणवे लागले. झाडोरा जळाल्यावर खाली अजून चर निघाले जे कुणाला माहीतच नव्हते, त्यातला एक पंचवीसेक मीटरचा.

आता एक गोष्ट सांगतो जी मला स्वतःला फार इंटरेस्टिंग वाटते. आज जगात ईलची एवढी मोठी शेती चालते, जपान, चीन, युरोप, पण व्यापारी पातळीवर ईलची अंडी उबवून पिल्लं काढणं अजून कुणाला परवडण्यासारखं जमलेलं नाही. सगळे काय करतात, तर समुद्रातून नदीत येणारी काचेसारखी पिल्लं पकडतात आणि टाक्यांत वाढवतात. पद्धत तीच. येणाऱ्याला अडवा, पाणी द्या, मोठा होऊ द्या. फरक असा की आता पिल्लंच इतकी ओरपली जातात की जपानी आणि युरोपियन ईल दोन्ही धोक्यात आलेत, आणि धरणांमुळे नद्या चढायची-उतरायची वाटही बंद. गुंडिचमारांच्या बांधाला फट तरी होती.

2022 पासून टे राकच्या काठावर त्यांचं स्वतःचं केंद्र सुरू झालंय. तिथे ईल साफ करायची, धुरी द्यायची सोय आहे, बाजूला कॅफे आहे, गुंडिचमारा गाइड तुम्हाला चरांमधून चालत फिरवतात आणि टोपली पाण्यात कशी लावायची ते दाखवतात. मेलबर्न-सिडनीला राहणारी बरीच मराठी मंडळी ग्रेट ओशन रोड करून तिथूनच मागे फिरतात. अजून थोडं पुढे गेलात तर धुरी दिलेला कूयांग खाऊन बघा, चव जरा तेलकट असते, पण भाकरीबरोबर चालेल.