घाममाशी आणि आगशीचे वांगे

नमस्कार. फोंड्याजवळच्या आमच्या परसबागेतून आज मी बोलते आहे. गोव्याच्या दमट हवेत जरा वेळ कुदळ चालवली, की मनगटावर घाम साचतो आणि त्यावर एखादी इवलीशी माशी येऊन बसते. ती चावायला नव्हे, तर घामातले क्षार चाटायला आलेली असते. इंग्रजीत तिला ‘स्वेट बी’ म्हणतात. आपण तिला घाममाशी म्हणूया. हॅलिक्टिडी या तिच्या कुळात जगभरात 4,000 हून अधिक जाती आहेत. नांगी फक्त मादीला असते आणि चिमटीत सापडल्याशिवाय ती सहसा डंख करत नाही.

आता हे आगशीच्या, म्हणजे गोव्यातल्या आगशी गावच्या, वांग्याचे फूल जवळून पाहा. जांभळ्या पाकळ्यांच्या मधोमध पिवळ्या परागकोशांचा शंकू आहे. या फुलात मध नसतो, आणि परागही उघड्यावर नसून कोशाच्या आत बंद असतात. बाहेर पडायला टोकाशी फक्त बारीक छिद्रे असतात. काही घाममाश्या या शंकूला मिठी मारतात, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतात आणि मिठाची बाटली हलवावी तसे पराग पोटावर पाडून घेतात. तंबोऱ्याच्या तारेसारखा तो बारीक गुंजारव कान दिला तर ऐकू येतो. आपल्या सातेरी मधमाशीला ही युक्ती साधत नाही. (सातेरी हे आपल्या ग्रामदेवतेचेही नाव आणि तिची पूजा वारुळाच्या रूपात होते, पण मातीत घर करणारी माशी मात्र सातेरी नव्हे, ही.)

वांग्याचे फूल स्वतःच्या परागानेही फळते, वाऱ्याच्या हेलकाव्यानेही थोडे काम होते. तरी असा हादरा मिळाला की पराग भरपूर सुटतात. मात्र ज्या फुलातली कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे टोक, परागकोशांच्या आत आखूड राहते, ते बहुधा गळून पडते. त्याचा दोष माशीला देऊ नये.

बहुतेक घाममाश्या जमिनीत बोगदा खणतात. त्याच्या बाजूच्या कोठड्यांना मादी आतून पाणी न शिरणारा लेप देते, परागाचा गोळा ठेवून त्यावर एक अंडे घालते आणि तोंड बंद करते. म्हणूनच अंगणभर पेव्हर घातले, की फुले कितीही लावली तरी तिला घर उरत नाही. ही चूक आम्ही स्वतः पुढच्या दारी केली आहे. कीटकनाशक टाळता येत नसेल, तर निदान सकाळी, फुले उघडी असताना, मुळीच फवारू नये.

तुळशीवृंदावनामागचा हा उन्हाचा उतार मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे. तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधाचीही सोय होते. इथे, चिऱ्याच्या कडेला, पेन्सिल जाईल एवढे भोक आणि भोवती चाळलेल्यासारखी माती दिसते ना? मघाशी पायांना पिवळे पराग माखलेली एक मादी आत गेली आहे. ती बाहेर येईपर्यंत मी कॅमेरा इथेच ठेवते.