कोयता सापडला, मग आर्म्स अ‍ॅक्ट कसा लागला?

नमस्कार मंडळी! बातमी असते, 'कोयता बाळगणारा तरुण ताब्यात, आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल.' आणि खाली कुणीतरी विचारतंच, "अहो, बंदूक कुठाय?"

आधी इंग्रजीचं उरकू. शस्त्रं या अर्थानं 'आर्म्स' कायम अनेकवचनी. एकच पिस्तूल सापडलं तर 'अ‍ॅन आर्म' म्हणायचं नाही, तो हात झाला. तिथं 'अ वेपन' किंवा 'अ फायरआर्म'. मोजतानाही 'थ्री वेपन्स'. हाताचा 'आर्म' जर्मन कुळातला आणि शस्त्रांचा 'आर्म्स' लॅटिनमधून फ्रेंचच्या वाटेनं आलेला. काडतुसं मात्र आर्म्स नाहीत, ती 'अ‍ॅम्युनिशन'. पुण्यातल्या खडकीच्या 'अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी'च्या नावात आहे ना, तेच. आणि लोक 'अप इन आर्म्स' आहेत म्हणजे नुसते खवळलेत, तलवारी शोधू नका.

आता कायदा, 1959 चा. यात आर्म्स म्हणजे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली किंवा तशी करून घेतलेली कुठलीही वस्तू. बंदूक त्यात आहेच, पण धारदार, जीवघेणी हत्यारंही आहेत. एवढंच काय, शस्त्रांचे सुटे भागसुद्धा. नियमांच्या यादीत तलवार, खंजीर, भाला आहे, आणि 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची शस्त्रंही.

मग आपल्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचं काय? घाबरू नका. निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू कायद्यानं वगळल्यात. लाठीचं तर नाव घेऊनच.

आणि खरी गंमत इथंच आहे. ऊसतोड मजुराच्या हातातला कोयता हे शेतीचं अवजार. तसलाच कोयता रात्री दोन वाजता कुणाच्या शर्टाखाली, कमरेला खोचलेला निघाला, तर पोलीस लिहिणार, 'भारतीय हत्यार कायदा कलम 4, 25', म्हणजे आपला आर्म्स अ‍ॅक्टच. कोर्टात वकील म्हणणार, साहेब, हे तर शेतीचं अवजार! तेव्हा भांडण 'निव्वळ' या एका शब्दावर येतं: तो कोयता निव्वळ शेतीसाठीच बनवला होता का? मला विचाराल तर रात्री दोनला ऊस कुठं तोडत होता, हेही विचारायला हवं.

म्हणूनच पोलीस बऱ्याचदा सोबत महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 37(1) आणि 135 लावतात. ते हत्यारं घेऊन फिरायला बंदी घालणारा मनाई आदेश मोडल्याबद्दल, आणि त्या आदेशात लाठीलासुद्धा बंदी असू शकते.