गोळी दिली, पण गिळली का?

हत्तीरोगाच्या मोहिमेत मी पहिल्यांदा गोळ्या घेऊन फिरलो ते पूर्व विदर्भातल्या एका गावात. संध्याकाळपर्यंत पिशवी रिकामी, वहीतले रकाने भरलेले. मी खूश. आठवड्याने त्याच गावात एका घरी पाणी प्यायला थांबलो, तर देवळीत पाचही माणसांच्या गोळ्यांच्या पुड्या जशाच्या तशा. म्हातारी म्हणाली, "जपून ठेवल्या बाबू. कोणाचा पाय सुजला तर कामी येतील."

तिचं काय चुकलं? औषध आजाऱ्यानं घ्यायचं, हेच ती जन्मभर ऐकत आली. आणि आपण धडधाकट माणसाला सांगतो, गीळ. पण हा रोग पसरतो तो अशाच धडधाकट दिसणाऱ्यांमुळे. गटारात, संडासाच्या टाकीत वाढणारा क्युलेक्स डास या माणसाचा जंतू त्या माणसात नेतो. मोठे जंत शरीरातल्या लसिकावाहिन्यांत वर्षानुवर्षं मुक्काम करतात. त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रात्री रक्तात येतात, म्हणून तपासणीचं रक्तही रात्रीच घ्यावं लागतं. (रात्री नऊला सुई घेऊन दार वाजवणाऱ्याला लोक काय म्हणतात, ते इथे सांगत नाही.) पाय सुजायला वर्षं लागतात. सुजल्यावर मात्र या गोळीनं तो पहिल्यासारखा होत नाही. रोज धुवायचा, पुसून कोरडा ठेवायचा, बोटांच्या बेचक्या सांभाळायच्या, एवढंच हातात उरतं. अंडवृद्धीचं ऑपरेशन होतं, तेवढी सोय आहे.

देशात ही सार्वत्रिक मोहीम २००४ पासून चालू आहे. आधी डीईसी ही रक्तातले जंतू मारणारी गोळी, पुढे तिच्यासोबत अल्बेंडाझोल ही जंतांवरची गोळी द्यायचे. नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये आयव्हरमेक्टिन हे तिसरं औषधही जोडलं, तेव्हा उंची मोजायची काठी आली. डीईसी किती द्यायची ते वयावर, आयव्हरमेक्टिन किती ते उंचीवर. पोरांना त्या काठीला पाठ लावून उभं राहायला फार आवडतं, आणि पोरं उभी राहिली की मोठेही येतात. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि फार आजारी माणसं वगळायची. उपाशीपोटी कोणालाच द्यायची नाही.

आता खरी अडचण. गोळीनंतर कोणाला ताप येतो, कोणाचं डोकं दुखतं, कोणाला मळमळतं. रक्तातले जंतू मरतात म्हणून हे होतं आणि बहुतेकांचं दिवस-दोन दिवसांत निवळतं. पण हे आधी सांगितलं नसेल, तर एकाच्या उलटीची गोष्ट रात्रीत चार गावं फिरते आणि दुसऱ्या दिवशी दारं बंद. मागाहून सांगितलेलं खरंही सबब वाटते. म्हणून मी तरुण पोरांना म्हणतो, तापाचं आधी बोला, गोळी नंतर काढा. जास्त त्रास झाला तर कुठे यायचं, तेही तिथेच सांगा.

दुसऱ्या वर्षी त्याच म्हातारीकडे गेलो. गावची आरोग्य स्वयंसेविका, आशाताई, सोबत होती. तिनं आधी स्वतःच्या गोळ्या सगळ्यांसमोर गिळल्या. मुलगा म्हणाला, "अजून जेवलो नाही, ठेवून जा." आशाताई ओसरीवर बसली. "जेव ना बाबू, मी बसते." त्यानं वरण-भात खाल्ला, गोळ्या गिळल्या, पाणी प्यायला. मग तिनं त्याच्या बोटाला शाई लावली आणि म्हातारीला विचारलं, "आजी, देवळीतल्या जुन्या पुड्या अजून आहेत का? त्या आणा इकडे."