आजवा किती फूट?

(दृश्य : काळा घोडा पुलावरून दिसणारी विश्वामित्री. पाऊस.)

बडोद्यात पावसाळा लागला की दांडिया बाजारातल्या आमच्या घरांत एकच प्रश्न फिरतो : "आजवा किती फूट?" सयाजीराव महाराजांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं ते सरोवर आणि ही नदी. या दोन पातळ्यांवर धान्याचे डबे माळ्यावर चढवायचे की नाही, ते ठरतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी घरांत शिरलं, मगरी रस्त्यावर आल्या.

समजा, नदीच्या पातळीचा आकडा खांबावरचा वायरलेस सेन्सर पाठवतोय. संदेश हवेतून जातो. जवळ रेडिओ घेऊन उभा राहिलेला कुणीही तो पकडू शकतो, बदलून पुढे सोडू शकतो. सेन्सर बंद पडला तर निदान कळतं. खोटा आकडा मात्र खऱ्यासारखाच दिसतो, म्हणून मला त्याची जास्त भीती वाटते.

(दृश्य : पडद्यावर ११०१०.)

एन्क्रिप्शन केलं, म्हणजे गुप्त किल्लीने संदेश कूट केला, की काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. समजा, नदी २६ फुटांवर आहे. २६ म्हणजे बिट्समध्ये, ० आणि १ मध्ये, ११०१०. एन्क्रिप्शनच्या काही पद्धतींत कूटसंदेशातला एक बिट उलटवला की उलगडलेल्या आकड्यातलाही तोच बिट उलटतो. डावीकडचा पहिला उलटवा : ०१०१०, म्हणजे दहा. किल्ली हाती नाही, आकडा वाचलेला नाही, तरी पूर सोळा फुटांनी उतरला!

म्हणून संदेशावर मोहोर हवी : गुप्त किल्ली आणि मजकूर यांतून काढलेला छोटा कोड. एक बिट बदलला तरी तो जुळत नाही. लोरावॅनमध्ये, म्हणजे अशा सेन्सरांसाठीच्या लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीत, हा कोड ४ बाइटचाच असतो, पण अंदाजाने जुळण्याची शक्यता सुमारे ४२९ कोटींत एक. कालचा खरा संदेश आज कुणी पुन्हा सोडू नये, म्हणून मोहोरेखाली चढता क्रमांकही असतो.

खरी अडचण पुढे आहे. कुणी खांबावर चढून सेन्सरच उघडला, किल्ली काढली, तर? मग मोहोर खरी, क्रमांक खरा, आकडा खोटा. प्रत्येक सेन्सरची किल्ली वेगळी असेल, तर एकाच्या फितुरीने बाकीचे जात नाहीत. आणि एकाच ठिकाणी पाच सेन्सर हवेत.

(दृश्य : पाच आकडे. ३, २५, २५, २६, २६.)

३ खोटा आहे. सरासरी काढली तर २१ येते, आणि पाणी उतरल्यासारखं वाटतं. ओळीतला मधला आकडा घेतला तर २५. पाचांतले दोन फितूर झाले, तरी मधला आकडा खऱ्यांच्या पंक्तीतच राहतो.

दांडिया बाजारात फोन जातो तो २५ चा. डबे वर चढायला लागतात.