पुढचं चाक ओढत का नाही?

(दृश्य : मे महिन्यातली सकाळ. गुहागर तालुक्यातला सडा, म्हणजे जांभ्याचं पठार. कलमांच्या बागेतून वर येणारी जांभ्याची चढण. मध्येच अडकलेली जुनी महिंद्रा जीप, मागे आंब्याचे क्रेट.)

ही चढण या जीपच्या पायाखालची आहे. कितीतरी हंगाम तिने याच वाटेने आंबा वर आणला. यंदा मात्र चारही चाकांना जोर देणारा फोर बाय फोरचा दांडा टाकला, तो नीट बसलाही, तरी मागची चाकं खडी उडवत जागच्या जागी फिरतात आणि पुढची ढिम्म हलत नाहीत.

बागायतदार काकांना एका गॅरेजात सांगितलं होतं, "ट्रान्सफर केस गेली, खाली उतरवावी लागेल." पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी ही पेटी उतरवायची म्हणजे ऐन हंगामात गाडी आठवडाभर बंद. काकांनी गाडी दुसऱ्या मिस्त्रींकडे आणली. मिस्त्रींनी पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारला.

"काका, गाडी शेवटची खाऱ्या पाण्यात कधी गेली?"

"गेल्या मेअखेर. होड्या वर ओढायच्या होत्या."

1 जूनपासून यांत्रिक मासेमारी बंद होते. त्याआधी होड्या पुळणीवर वर घेतात. जीप पाण्याच्या कडेला उभी करून दोर बांधायचा आणि ओढायचं. लाट चाकाच्या अर्ध्यापर्यंत येते. ते काम झालं, गाडी घरी आली, वरून धुतली. चाकाच्या आत कोणी पाहिलं नाही.

(दृश्य : जीप गॅरेजच्या अंगणात. मिस्त्री खाली वाकून पाहताहेत.)

इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येतो. तिथून एक शाफ्ट मागे जातो, एक पुढे. पुढचा शाफ्ट डिफरन्शिअलला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत क्राऊनला, फिरवतो. क्राऊनमधून दोन्ही बाजूंच्या अॅक्सलना आणि शेवटी हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या जोडातून, चाकाला. या गाडीचे हब हाताने फिरवायचे आहेत. एका खुणेवर चाक अॅक्सलला जोडलं जातं, दुसऱ्या खुणेवर सुटतं. या वाटेवर साखळी कुठे तुटली, एवढंच शोधायचं. ट्रान्सफर केस सगळ्यात आत आणि सगळ्यात खर्चिक, म्हणून मिस्त्री तिच्याकडे शेवटी जातात.

आधी गाडी उचलायची. इथे एक गोष्ट जिवावर बेतू शकते. या जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टच्या तोंडाशी असलेल्या ड्रमवर असतो. मागचं एकच चाक जॅकवर गेलं, तर हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते, कारण उचललेलं चाक उलटं फिरून जमिनीवरच्या चाकाला वाट करून देतं. म्हणून मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून चिऱ्याचे तुकडे लावले. मग पुढचा भाग उचलून दोन घोड्यांवर, म्हणजे पक्क्या टेकूंवर, ठेवला. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हे मिस्त्री कधीच जात नाहीत.

इंजिन बंद. दोन्ही हब लॉक. दांडा फोर बाय फोरला. मिस्त्रींनी पुढचा शाफ्ट दोन्ही हातांनी धरून पिळला. बारीकशी ढिलाई सोडली तर तो हलला नाही. याचा अर्थ, ट्रान्सफर केसने पुढचा शाफ्ट मागच्याशी पक्का बांधलाय.

दोन मिनिटांत ट्रान्सफर केस संशयातून सुटली.

शाफ्ट मोकळा फिरला असता तरी केस खोलायची घाई नको. आधी दांड्याच्या खालच्या पिना आणि बुश पाहायचे. खारी हवा तिथेही बसते. दांडा हातात पुरता आल्यासारखा वाटतो, पण आतला रॉड अर्ध्यावरच थांबलेला असतो. आणि चालताना दांडा आपोआप निसटत असेल, तर रॉडच्या खाचेत बसणारी गोळी आणि तिची स्प्रिंग झिजलेली असू शकते.

(दृश्य : पुढचं उजवं चाक हाताने फिरवलं जातंय.)

आता उजवं चाक. जड फिरतं, आतून दात्यांची घरघर ऐकू येते. शाफ्ट अडलेला असताना एक चाक पुढे फिरवलं, की दुसरं उलटं फिरायला हवं. डावं फिरलं नाही. मग मिस्त्रींनी डावं चाक एका बोटाने ढकललं. ते पंख्यासारखं मोकळं फिरत राहिलं.

लॉक केलेला डावा हब आत धरतच नव्हता.

पण मग उजवं चाक का ओढत नव्हतं? क्राऊन जोर दोन्ही बाजूंना सारखाच देतो, आणि एका बाजूला अडथळाच नसेल तर दुसऱ्या बाजूलाही काही उरत नाही. डावा अॅक्सल आतल्या आत रिकामा फिरत होता आणि चांगलं असलेलं उजवं चाक नुसतं उभं होतं. एका हबने पूर्ण पुढची बाजू मेली होती. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही हे सहसा ठाऊक नसतं, आणि इथेच भलती दुरुस्ती गळ्यात पडते.

(दृश्य : हबचं झाकण उघडतं. अगदी जवळून.)

सहा बोल्ट. त्यांतले दोन गंजलेले, त्यांच्यावर आदल्या रात्री तेल सोडून ठेवलेलं. झाकण निघालं आणि आतलं ग्रीस दिसलं. ग्रीस कसलं, खाडीतला करडा चिखल. मिस्त्रींनी चिमटीत घेऊन चोळलं तर वाळू कचकचली. अॅक्सलच्या दात्यांवर सरकणारी कडी मीठ आणि गंजाने जागीच चिकटली होती. वरची खूण फिरत होती, आतली कडी हलत नव्हती.

रॉकेल, जुना टूथब्रश, बारीक पॉलिश पेपर. कडी दोन बोटांनी सरकेपर्यंत हेच काम. मग ग्रीसचा पातळ हात, इथे ठासून भरलं तर जाड ग्रीसमुळेच कडी पुन्हा अडकते. झाकणाखाली नवीन पॅकिंग. उजवा हबही उघडला, कारण तोही त्याच पाण्यात गेला होता.

मिस्त्रींनी क्राऊनचं ऑईलही थोडं खाली काढलं. दुधाच्या चहासारखं निघालं. तापलेली हौसिंग एकदम पाण्यात गेली, की आतली हवा आकसते. हवेची नळी चोंदलेली असेल तर ऑईल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. नळी साफ केली, ऑईल बदललं.

मग टायर मोजले. पुढचे नवे, मागचे झिजलेले. व्यासात 1 सेंटिमीटर फरक असला तर प्रत्येक फेरीला 3 सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. या चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर, म्हणजे किलोमीटरमागे जवळपास 14 मीटर. पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असताना हा फरक जाणार कुठे? मऊ मातीत चाक घसरून तो सोडून देतं. डांबरावर सुटत नाही, आतल्या आत पीळ बसतो आणि दांडा अडकतो. काकांचा दांडा डांबरावर कधीकधी निघायचा नाही, त्याचं मूळ इथे होतं.

(दृश्य : संध्याकाळ. तीच चढण.)

क्रेट भरलेले. काका लो गिअर टाकतात. मागचं चाक जरा घसरतं, आणि त्याच क्षणी पुढची दोन्ही चाकं खडीत दात रोवतात. गाडी न थांबता माथ्यावर येते.

डांबरी रस्ता लागायच्या अलीकडे काका थांबतात. गाडी सरळ दोन मीटर मागे घेतात, पीळ सुटतो, दांडा अलगद बाहेर येतो. मग उतरून हब सोडवायला जातात. आधी डावा.